कडा कापू नयेत

३ तारीख, सोमवार

आजपासून लिहायचं ठरवलं. कारण एवढंच की वही फुकट मिळाली. बायंडिंगच्या दुकानात लागून अकरा दिवस झाले, आणि कुठलंही काम अकरा दिवस केलं की माझ्या पायांना मुंग्या येतात. तेव्हा वही म्हणजे एक खुंटाच समजायचा. कापताना ती तिरकी गेली होती, एक कोपरा बुटका आहे. मालक म्हणाले, "घे. रद्दीत जायच्या ऐवजी तुझ्याकडे जाईल. फरक फारसा नाही."

मालकांचं नाव मी हिटलर ठेवलंय. मनातल्या मनात, आणि शिलाईवाल्या मावशीसमोर. ओरडत नाहीत, नुसतं बघतात. कात्री जिथून उचलली तिथेच ठेवायची. ब्रश धुतल्याशिवाय जेवायचं नाही. दुकानातलं पुस्तक दुकानाबाहेर न्यायचं नाही. आलेल्या प्रत्येक पुस्तकात चिठ्ठी घालायची: कोणाचं, कधी हवं, काय करायचं आणि काय करायचं नाही. या शेवटच्याखाली लाल रेघ. म्हणतात, "पुस्तक स्वतःबद्दल बोलत नाही. चिठ्ठी बोलते."

मावशी फर्मे शिवते. फर्मा म्हणजे सोळा पानांची एक घडी, असे पंधरा-वीस एकावर एक शिवले की पुस्तक. अकरा दिवसांपूर्वी मला हे माहीत नव्हतं, आता जगाला शिकवत सुटलोय. मी विचारलं, "मावशी, इतकी पुस्तकं शिवता, वाचता की नाही?" म्हणाली, "शिंपी काय सगळ्यांचे कपडे घालून बघतो का रे?"

काल ताईचा फोन आला. उचलला नाही, हात सरसात होते.

(काल रविवार होता, दुकान बंद होतं. वहीत तरी खरं लिहावं. हात सरसात नव्हते.)

४ तारीख, मंगळवार

मालक कागद बघायला बाजारात गेले होते. काळा चष्मा लावलेले एक आजोबा आले. मोतीबिंदू काढल्यावर देतात तो, बाजूनेही झाकणारा. हातात उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेलं पुस्तक. पुस्तक कसलं, पानांचा ढीग. तळाची कड पाणी लागून लाटेसारखी झालेली.

मला म्हणाले, "मालक?"

म्हटलं, "मालक बाहेर गेलेत. मी आहे."

"तू कोण?"

"मी पण आहे."

हसले. मग बसले. चाळीस वर्षं पाण्याचे मीटर वाचले म्हणे, घरोघरी फिरून. "मी आयुष्यात वाचलं ते आकडे. वाचायची ती. शाळेत शिकवायची, पेन्सिल कायम कानावर. घरी भाजी चिरतानासुद्धा." ती म्हणजे बायको. दोन वर्षांपूर्वी गेली. हे पुस्तक ती पुन्हा पुन्हा वाचायची आणि कडेच्या कोऱ्या जागेत बारीक बारीक लिहायची. आजोबांनी कधी विचारलं नाही, मग डोळे गेले, मग ती गेली.

मी म्हटलं, "कोणाकडून वाचून घ्यायचं होतं."

"बायकोचं बोलणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकू?" आजोबा म्हणाले. "माझ्याशी जे बोलायचं ते ती ह्या पुस्तकाशी बोलली. आता डॉक्टर म्हणालेत, वीस तारखेपासून वाचा. तोवर पुस्तक उभं कर. आणि हे बघ, कडेला हात लावायचा नाही. कापायचं बिपायचं नाही."

चिठ्ठी मीच लिहिली, पहिलीवहिली. काळ्या चष्म्यावाले आजोबा. वीस तारीख. शिलाई, नवी पाठ, जुनं कव्हर ठेवावं. कडा कापू नयेत. खाली लाल रेघ. अक्षर चांगलं आलं. पहिल्या फर्म्यात घातली.

६ तारीख, गुरुवार

त्या पुस्तकाची जुनी शिलाई सोडवायचं काम माझ्याकडे आलंय. अठरा फर्मे सुटे झाले. पहिला फर्मा शर्टाच्या आत घालून खोलीवर आणला. नियम मोडला, पण सोळा पानं म्हणजे काही पुस्तक नव्हे. त्यातली चिठ्ठी वाटेत पडेल म्हणून या वहीत ठेवली. उद्या परत घालायची.

पुस्तक एका बाईंचं आहे, स्वतःवर गुदरलेलं लिहिलंय, आपल्या भाषेत कोणीतरी आणलंय. मला वाटलं लढाईचं असेल, विमानं वगैरे. तसं नाही. एक ज्यू मुलगी आहे, पंधरा वर्षांची. तिची नऊ वर्षांची बहीण सारखे प्रश्न विचारते. वडिलांचं चष्म्यांचं दुकान. मग नाझी येतात आणि एकेक गोष्ट बंद होते. आधी बागेतला बाक. मग रेडिओ जमा करायचा. मग सायकल. सायकल दिली त्या दिवशी मुलगी खूप रडते, आणि कडेला आजींनी, म्हणजे आजोबांच्या बायकोनं, पेन्सिलीनं लिहिलंय, "सायकलसाठी रडते आहे. अजून हिला ठाऊक नाही."

एका ठिकाणी मी हसलो. घरातल्या सामानाची यादी करायला एक शिपाई येतो. कपाट, खुर्च्या, सगळं लिहून घेतो आणि सारखा चष्मा वर सरकवतो. वडिलांना राहवत नाही. म्हणतात, इकडे द्या. काडी वाकवून नीट करून देतात. शिपाई आभार मानतो आणि यादी पुढे लिहायला लागतो.

हसलो आणि मग हसलो त्याचं कसंतरीच वाटलं. खाली जाऊन उगाच दोन चकरा मारल्या. कोपऱ्यावर एक माणूस कुत्र्याला पायऱ्या चढायला शिकवत होता, अर्धा तास तेच बघत बसलो.

९ तारीख, रविवार

तीन फर्मे वाचले. ओळीनं नाही. पहिल्यानंतर पाचवा, मग सतरावा, हाताला लागेल तो. फर्मे सुटे असले की हे बरं असतं, कंटाळा आला की उडी मारता येते. बाईंना मात्र उडी मारता आली नव्हती, हे पाचव्यात कळलं.

सकाळी ताईचा फोन. वाजू दिला. ती नेहमी नऊ वेळा वाजू देते, मोजलंय. आई जाऊन सात महिने झाले, तेव्हापासून दर रविवारी. काय म्हणेल ते पाठ आहे: "तेव्हा कुठे होतास?" आणि नाही म्हणाली तर ते त्याहून वाईट.

१२ तारीख, बुधवार

आज आठवा फर्मा. जेवणाच्या सुट्टीत, पुठ्ठ्यांच्या मागे बसून.

मालगाडीचा डबा. माणसं उभीच, खाली बसायला जागा नाही. तिसरा दिवस. पाणी संपलेलं. धाकटी बहीण अंधारात विचारते, "ताई, झोपलीस का?" मुलगी जागी असते. पण पुढचा प्रश्न पाण्याचा असणार आणि पाण्याचं उत्तर तिच्याकडे नाही. म्हणून डोळे मिटून राहते. बहीण पुन्हा विचारते, आणि मग विचारायची थांबते. सकाळी दार उघडतं, आरडाओरडा, कुत्री, माणसांच्या दोन रांगा. धाकटी त्यांच्या आजीचा हात धरून दुसऱ्या रांगेत. त्या रांगेतलं कोणी परत आलं नाही.

बाई लिहितात की मला पन्नास वर्षं लोक विचारतात, सगळ्यात भयंकर काय होतं. त्यांना छावणीबद्दल ऐकायचं असतं. मी सांगते तेही. पण मी एकटी असते तेव्हा उत्तर देत असते, "नाही गं, जागी आहे."

डबा झाकून ठेवला.

कडेला आजींचं अक्षर होतं. ते जसंच्या तसं उतरवतो: "बेल वाजली तेव्हा मी जागी होते. ह्यांना वाटतं मी झोपले होते. तीनदा वाजली. तिसरी लांब." खाली अगदी तळाशी आणखी दोन ओळी होत्या, मुंगीसारख्या. तेवढ्यात मावशीनं चहाला हाक मारली. चहा गार झाला की ती बोलते.

कसली बेल ते कळलं नाही. शाळेची असेल, शिक्षिका होत्या ना.

मागची पानं उघडून मालकांचं ते नाव खोडलं. शाळेत आम्ही पीटीच्या सरांना म्हणायचो, वर्गात रांग नीट लावायला सांगायचे म्हणून. रांग नीट लावायला. पेनानं गिरवलं तरी खालून दिसतंय. दिसू दे. मालकांना आता मास्तर म्हणतो. आज म्हटलं तेव्हा त्यांनी वर बघितलं आणि म्हणाले, "काय मोडलंस?"

१३ तारीख, गुरुवार

कालपासून तेच डोक्यात. लिहूनच टाकतो.

आईला दवाखान्यात ठेवलं तेव्हा ताईनं फोन केला, निघ म्हणाली. मी लगेच निघालो. खरंच निघालो. गाडीत खिडकीची जागा मिळाली. दुपारी एका थांब्यावर पाटी दिसली, दीपगृह दोन किलोमीटर. मी दीपगृह कधी बघितलं नव्हतं. वाटलं, पुढची गाडी तीन तासांनी आहे, आईला काय, साधा ताप. उतरलो. वर चढलो, दोनशे अकरा पायऱ्या. पुढची गाडी भरून आली, थांबली नाही. दुसऱ्या दिवशी पोचलो, तोवर आई गेली होती. ताईला सांगितलं, गाडी बंद पडली.

त्या बाईंच्या गोष्टीशेजारी ही मांडायची म्हणजे लाज वाटते. त्यांच्या दाराबाहेर बंदुका होत्या. त्या पंधरा वर्षांच्या होत्या आणि त्यांच्याकडे पाणी नव्हतं. माझ्याकडे पाण्याची बाटली होती, तिकीट होतं आणि बघायला समुद्र होता.

पुस्तक आता वाचवत नाही. राहिलेले फर्मे तसेच मावशीकडे दिले शिवायला.

१५ तारीख, शनिवार

आज मास्तरांनी पहिल्यांदा कटिंग मशीन माझ्या हातात दिलं.

हे साधंसुधं नाही. मावशी सांगते, आधीच्या माणसाला दोन वर्षं मशीनला शिवू दिलं नव्हतं. पुस्तक शिवून, पाठीला सरस लावून, दाबून आलं की ते पुस्तक राहत नाही, वीट होते. ती मशीनखाली सरळ धरायची, चाक फिरवून आवळायची, मग दांडा खाली. पातं एवढं मोठं, पण आवाज कोबी चिरल्यासारखा.

आज चार पुस्तकं होती. चौथं आजोबांचं. मास्तरांनी विचारलं, "चिठ्ठी?" मी म्हटलं, "विशेष काही नाही. वीसला हवंय." मास्तर म्हणाले, "तळाकडून बोटभर जास्त घे, पाण्यानं वाकलंय." तीन बाजू घेतल्या. समोरची, वरची, तळाची. लोण्यासारख्या. मास्तरांनी अंगठा फिरवून बघितला आणि म्हणाले, "बरं जमलंय." त्यांच्या तोंडून हे म्हणजे हार घातल्यासारखं.

सगळं कातरण पोत्यात भरलं, संध्याकाळी रद्दीवाला घेऊन गेला. येताना शीळ घालत आलो.

१६ तारीख, रविवार

ताईचा फोन. नऊ वेळा.

ट्रकवाला मित्र उद्या सकाळी बंदराकडे निघतोय, माणूस हवाय म्हणतो. मशीन चालवून झालं, आता इथे नवीन काय? जावं असं वाटतंय. आजोबांना पुस्तक मिळेल, छान झालंय. जाण्याआधी काय काय लिहिलं ते बघावं म्हणून मागची पानं चाळत होतो

चिठ्ठी पडली.

मघापासून ती समोर ठेवून बसलोय. अक्षर खरंच चांगलं आलंय.

कडेला लिहिलेलं मीच वाचलं होतं. मीच उतरवून घेतलं. आणि मीच दांडा ओढला. मशीनखाली असताना मला एकदाही आठवलं नाही की वीट म्हणजे तेच पुस्तक.

मित्राचा फोन आला, सकाळी सहाला चौकात ये. म्हटलं, येतो.

१७ तारीख, सोमवार

सहाला चौकात गेलो. ट्रकमध्ये बसलोही. मित्रानं विचारलं, "आज तोंड का शिवलंय?" शिवलंय म्हणाला आणि मला मावशी दिसली, फर्म्यातून दोरा ओढणारी. उतरलो. तो शिव्या घालत गेला.

दुकान उघडायच्या आधी मास्तरांच्या हातात चिठ्ठी दिली. त्यांनी ती वाचली, पाठपोट बघितली, पुन्हा वाचली.

"कुठे होती?"

"माझ्या वहीत."

"पुस्तक बाहेर नेलं होतंस?"

"फर्मा. वाचायला."

वाटलं आता काढून टाकतील. बरं झालं असतं. त्यांनी स्वच्छ असलेले हात पुन्हा धुतले, पुसले, चपला घातल्या. "चल."

"कुठे?"

"रद्दीत. तुझं माझं दोघांचं चुकलंय. मी पान उघडून बघायला हवं होतं. तिसावं वर्ष चाललंय माझं, चिठ्ठीवर विसंबून राहिलो."

रद्दीवाल्याच्या गोदामात आमची चार पोती वेगळी सापडली. मास्तर इस्त्रीच्या शर्टात जमिनीवर मांडी घालून बसले आणि पोतं स्वतःसमोर ओतलं. शेवयांसारखं कातरण. मशीनखालून कातरण पडतं ते गठ्ठ्यानं, म्हणून समोरच्या कडेच्या पट्ट्या बऱ्याचशा एकत्र होत्या. पिवळट कागद, पेन्सिलीचे अर्धे शब्द. तळाच्या पट्ट्या मात्र विखुरल्या होत्या, आणि एक पोतं कालच लगद्याच्या कारखान्यात गेलं होतं.

रद्दीवाला म्हणाला, "मास्तर, काय हिरा हरवला का?"

मास्तर म्हणाले, "हो. तू पाय नको ठेवूस."

१९ तारीख, बुधवार

मावशीनं अख्खं पुस्तक उसवलं. "शिवण्यापेक्षा उसवायला जास्त वेळ लागतो, लिही तुझ्या वहीत." लिहिलं.

चिमट्यानं एकेक पट्टी उचलायची, तिचं पान शोधायचं, पातळ कागदाच्या फितीनं मागून जोडायची. पट्टी सापडली नाही तिथे नवा कोरा कागद जोडून कड पूर्ण करायची. मास्तर दोन पानं करतात तेवढ्यात माझं एक. काल नि आज मिळून सगळं पुस्तक डोळ्यांखालून गेलं, या वेळी ओळीनं. उड्या नाहीत.

चौदाव्या फर्म्यात बाई सुटून आपल्या गावी परत जातात. घरात दुसरीच माणसं राहत असतात, दारातूनच वाटेला लावतात. दुकान रिकामं. फक्त खालच्या खणात तयार झालेले, न नेलेले चष्मे. प्रत्येकाला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली: कोणाचा, कधी न्यायचा. वडिलांचं अक्षर. न्यायला कोणी उरलं नव्हतं. बाई एकेक चिठ्ठी मोठ्यानं वाचतात. त्या रिकाम्या दुकानात, एकट्या.

इथे आजींनी काहीच लिहिलेलं नाही. नुसती कडेला एक उभी रेघ, कागद दबेपर्यंत.

हे मी सोडलेल्या फर्म्यांत होतं. मशीनआधी वाचलं असतं तर चिठ्ठी आठवली असती का? कोण जाणे. मला बहुतेक तो पायऱ्या चढणारा कुत्राच आठवला असता.

आठव्या फर्म्यातल्या त्या पानाची तळाची पट्टी नाही. दोनदा सगळं चाळलं. नाही.

२० तारीख, गुरुवार

आजोबा बरोबर दहाला आले. काळा चष्मा नव्हता, नवा साधा चष्मा होता, त्यातून डोळे मोठे दिसत होते. टेबलावर सुटे फर्मे बघून म्हणाले, "हे तर मी आणलं तसंच आहे."

मास्तर बोलणार होते. मी म्हटलं, मी सांगतो. सांगितलं. फर्मा नेला, चिठ्ठी वहीत राहिली, दांडा मी ओढला. ते ऐकत होते, मीटरच्या आकड्याकडे बघावं तसे.

"तू वाचलंस का? तिचं?"

"हो."

"सगळं?"

"आता सगळं. जेवढं सापडलं तेवढं."

मावशी सुईत दोरा ओवायचं नाटक करत होती. मग आजोबा म्हणाले, "दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. पण आता तू वाचलंच आहेस, तर तूच वाच. माझ्या डोळ्यांना पाणी येतं अजून, औषधाचं."

मी वाचत गेलो. मधेच अक्षर तुटलेलं असलं की तेच पुरं करायचे. "'आगाऊ' असणार तिथे. तिचा शब्द होता." एका ठिकाणी हसलेसुद्धा: आजींनी लिहिलं होतं, "ह्या भाषांतरकाराला शाळेत मी नापास केलं असतं."

मग आठवा फर्मा. वाटलं सोडून द्यावं, उडी मारावी. मारली नाही. "बेल वाजली तेव्हा मी जागी होते. ह्यांना वाटतं मी झोपले होते. तीनदा वाजली. तिसरी लांब."

त्यांनी चष्मा काढला.

मुलगा होता त्यांचा. भांडून गेलेला. आजोबा म्हणाले होते, पुन्हा या दारात यायचं नाही. चार वर्षांनी एका दुपारी आला. आजोबांनी दाराच्या भोकातून बघितलं. बायको आत आडवी झाली होती. ते दाराशी उभे राहिले, श्वास धरून, तो जाईपर्यंत. पुन्हा आला नाही. कुठे आहे ठाऊक नाही. त्याला आता एकोणीस वर्षं झाली. बायकोला कधी सांगितलं नाही. तिला माहीतच नाही, एवढाच एक आधार होता म्हणाले.

"मी चाळीस वर्षं लोकांच्या बेला वाजवल्या," ते म्हणाले. "आत माणूस असून उघडत नाही, ते बाहेरून बरोबर कळतं. आम्ही दाराला कार्ड लावायचो: येऊन गेलो, घर बंद होतं. त्यालाही कळलं असणार. माझाच मुलगा."

मास्तरांनी पाणी पुढे केलं. घेतलं नाही.

"त्याच्या खाली काय आहे?"

"खालची पट्टी सापडली नाही."

"म्हणजे होतं काहीतरी."

"दोन ओळी होत्या."

"तू बघितल्यास."

"बघितल्या. वाचल्या नाहीत." आणि मग तेही सांगितलं. "चहाची हाक आली."

माझ्या जिभेवर तयार होतं: 'माझा राग नाही.' एवढंच. कोणाला कळणार होतं? अक्षर मुंगीसारखं होतं, मी म्हटलं असतं आत्ता आठवलं. पण ज्या बाई पन्नास वर्षं खोटी झोप उगाळत राहिल्या, त्यांचं पुस्तक माझ्या हातात होतं. खोटं नाही बोलता आलं.

आजोबा उठले. म्हणाले, "ती जागी होती." दारापर्यंत जाऊन पुन्हा तेच म्हणाले. मग गेले.

मावशी म्हणाली, "एक ओळ सांगायला तुझ्या जिभेला काय धाड भरली होती? म्हाताऱ्याला झोप लागली असती."

मास्तर म्हणाले, "मावशी, गप."

दोघांपैकी बरोबर कोण ते मला अजून ठरवता येत नाही.

२४ तारीख, सोमवार

शिलाई झाली. जोडलेल्या कडांमुळे पुस्तक पाठीपेक्षा समोरून जाड झालंय, नीट मिटत नाही. मास्तर म्हणाले, राहू दे, मिटायची घाई नाही त्याला. काल ताईचा फोन आला नाही. पहिल्यांदाच. हात मोकळे होते.

२८ तारीख, शुक्रवार

आजोबा आले. पुस्तक हातात घेऊन वजन बघितलं. मग टेबलाशी बसून आठवा फर्मा शोधला. किती वेळा पानं उलटावी लागली, मदत करायला माझे हात शिवशिवत होते. ते पान सापडलं. तळाला नवा कोरा कागद, बोटभर रुंद.

"पेन्सिल आहे?"

दिली. वाकून, नाक कागदाला लावून लिहिलं. आकडे लिहायची सवय असलेला हात, एकेक अक्षर सुटं. बराच वेळ लागला. तेवढ्या जागेत किती मावणार, दोनच ओळी. मग फुंकर मारली, मिटलं, अभ्र्यात गुंडाळलं.

मी बघितलं नाही. मी दुसरीकडे तोंड करून ब्रश धूत होतो. तो धुतलेलाच होता.

जाताना दाराशी थांबले. "बाहेरून कार्ड लावायची सोय असते बघ," म्हणाले, "आतून नसते."

३० तारीख, रविवार

ताईचा फोन आजही नाही. दहापर्यंत वाट बघितली आणि मीच लावला. मोजत होतो. सातव्याला उचलला.

"कोण मेलं?" ताई म्हणाली.

"कोणी नाही. मीच."

"तू आणि फोन? पैसे हवेत का नोकरी गेली?"

"ताई, तेव्हा गाडी बंद पडली नव्हती. मी दीपगृह बघायला उतरलो होतो."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. तिनं गॅस बंद केल्याचा आवाज आला, खुर्ची ओढल्याचा.

"माहीत आहे," म्हणाली. "तुझ्या शर्टाच्या खिशात तिकीट होतं, दीपगृहाचं. धुताना सापडलं."

"मग सात महिने कशाला फोन करत होतीस? ओरडायला ना?"

"ओरडायला कशाला? मला तुला एक सांगायचं होतं. फोनवर सांगवत नव्हतं, आणि तू तर उचलतही नव्हतास. मग मीही म्हटलं, जाऊ दे." मग भरभर म्हणाली, "शेवटी आई सारखी विचारत होती, आला का. मी तिला सांगितलं, आलाय. खाली नळावर हातपाय धुतोय. मी खोटं बोलले रे तिच्याशी. तिचं तेवढंच शेवटचं आणि मी खोटं बोलले."

मी विचारलं, "तिला खरं वाटलं?"

"वाटलं असणार," ताई म्हणाली. "म्हणाली, पाय पुसून यायला सांग त्याला. दरवेळी फरशी ओली करतो."